पाण्याकाठचे दोन मजले : उट्रेख्तचे जुने शहर

नेदरलँड्सच्या मध्यभागी असलेल्या उट्रेख्त शहराचा जुना गाभा एका खंदकाने वेढलेला असून, या खंदकाला तेथील लोक ‘सिंगल’ म्हणतात. तटबंदीच्या बाहेरून शहराला वळसा घालणारा हा पाण्याचा पट्टा मध्ययुगात संरक्षणासाठी खणला गेला आणि १९व्या शतकात तट पाडल्यावर त्याच्या काठाने झाडे व पायवाटा यांची बाग आखण्यात आली. रेल्वे स्थानकातून पूर्वेकडे निघालेला प्रवासी आज या पाण्यावरून जुन्या वस्तीत शिरतो. परंतु येथे पाणी सदैव होते असे नाही. मोटारींचे युग ऐन भरात असताना खंदकाचा पश्चिमेकडील भाग कोरडा करून तेथून मोटाररस्ता काढण्यात आला, आणि त्याच सुमारास, १९७३ मध्ये, स्थानकाला लागून होख कातारैने हे भव्य व्यापारी संकुल उघडले. जुन्या शहराच्या अंगाला भिडून असा रस्ता आणल्याची खंत नागरिकांच्या मनातून गेली नाही. २००२ च्या सार्वमतात त्यांनी पाणी परत आणणाऱ्या योजनेला कौल दिला आणि सप्टेंबर २०२० मध्ये खंदकाचे वर्तुळ पुन्हा पूर्ण झाले. ज्या खोलगट जागेतून गाड्या धावत होत्या तेथून आता लहान होड्या जातात आणि काठावर लोक डबा उघडून बसतात. हातून झालेली चूक निस्तरायला शहराला जवळजवळ अर्धशतक लागले, तरी ती निस्तरली गेली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण थोडे पुढे गेल्यावर याच शहरात एक अशी पडझड भेटते की जी साडेतीन शतके तशीच राहू दिलेली आहे.

पूल ओलांडताना प्रवाशाला प्रथम सांभाळावे लागते ते सायकलींना. स्थानकाखाली १२,५०० सायकली मावतील असा, २०१९ मध्ये पूर्ण झालेला वाहनतळ आहे, आणि तो जगातील सर्वांत मोठा सायकल-तळ मानला जातो. सुटाबुटातले अधिकारी, पाठीला सतार असावी तसे मोठे वाद्य अडकवलेले विद्यार्थी, पुढच्या लाकडी पेटीत दोन-तीन मुलांना बसवून निघालेल्या आया, नव्वदीकडे झुकलेले आजोबा, हे सारे एकाच लाल पट्ट्यावरून आपापल्या वेगाने जातात. वळायचे असेल तर हात लांब करून तसे कळवतात आणि घंटी अगदीच निरुपाय झाल्यावर वाजवतात. पुणे हेही एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेथे सायकल रस्त्यावरून मागे हटली आणि येथे टिकली, याचे कारण केवळ सपाट जमिनीत शोधून भागणार नाही. १९७०च्या दशकात डच नागरिकांनी, विशेषतः रस्त्यावर मुले दगावत असल्याने संतापलेल्या पालकांनी, मोठी आंदोलने केली आणि त्यानंतर सायकलीला तिचा स्वतंत्र रस्ता मिळत गेला, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

जुन्या शहराचा कणा म्हणजे औदेग्राख्त हा सुमारे दोन किलोमीटर लांबीचा कालवा होय. नेदरलँड्समध्ये कालवे असलेली शहरे पुष्कळ आहेत. मात्र उट्रेख्तच्या कालव्याची रचना या सर्वांहून वेगळी आहे. येथे घरे, दुकाने आणि रस्ता वरच्या पातळीवर असून पाणी बरेच खाली आहे, आणि या दोहोंच्या मध्ये, पाण्याला लागून, दगडविटांचा एक सलग धक्का दोन्ही काठांनी धावतो. या धक्क्याला ‘वेर्फ’ म्हणतात. वेर्फवर उघडणारी कमानदार दारे म्हणजे वरच्या घरांची तळघरे होत. घरमालकांनी आपल्या घराच्या तळातून, वरच्या रस्त्याच्या पोटाखालून, थेट पाण्यापर्यंत ती खणत नेली आणि होडीतून उतरलेला माल डोक्यावर न चढवता सरळ वखारीत लोटण्याची सोय करून घेतली. त्यामुळे वरचा रस्ता सार्वजनिक आणि त्याला तोलून धरणाऱ्या खालच्या कमानी खाजगी, अशी मालकीची एक विलक्षण गुंतागुंत आठ शतके चालत आली आहे.

ही रचना का निर्माण झाली याचे उत्तर ११२२ या सालात आहे. त्या वर्षी सम्राट पाचव्या हेन्रीने उट्रेख्तला नगराचे हक्क मान्य केले, आणि त्याच सुमारास वाइक बाय द्यूर्स्तेदे या गावाजवळ ऱ्हाइन नदीची उट्रेख्तकडे येणारी शाखा बांध घालून अडवण्यात आली. पुराचा धोका टळला, पण व्यापारी शहराच्या दारातले पाणी उतरले, म्हणून दक्षिणेकडे लेक नदीपर्यंत नवा जलमार्ग खणावा लागला. पुढे १३७३ मध्ये त्या मार्गावर फ्रेस्वाइक येथे जलपाश बांधला गेला. जलपाश म्हणजे दोन दारांमधले पाणी चढवून किंवा उतरवून होडीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेण्याची सोय. अशा उपायांनी शहरातले पाणी वर्षभर जवळजवळ एकाच पातळीवर राहू लागले, आणि पाण्यापासून हातभर उंचीवर कायमचा धक्का बांधणे शक्य झाले. वाई किंवा नाशिक येथील घाट पाहिलेल्या माणसाला यातला फरक चटकन उमगतो. कृष्णा आणि गोदावरी पावसाळ्यात कित्येक फूट चढतात आणि उन्हाळ्यात तळाला जातात, म्हणून तेथे काठाला पायऱ्यांची उतरंड लागते, जिची कोणती पायरी पाण्याला टेकेल हे नदी ठरवते. येथे पाण्याने कोठे थांबायचे ते माणसांनी ठरवले, म्हणून पायऱ्यांऐवजी सपाट धक्का उभा राहिला.

वेर्फवर उतरल्यावर शहराचा आवाज अर्ध्यावर येतो. धक्क्यात रुजलेली मोठी झाडे वरच्या रस्त्याच्याही वर फांद्या पसरतात, तेव्हा खालून पाहणाऱ्याला बुंधा आणि वरून चालणाऱ्याला केवळ पालवी दिसते. तळघरांत आता खानावळी, चित्रकारांच्या कार्यशाळा, वाद्ये दुरुस्त करणारे कारागीर आणि कोठे कोठे राहती घरे आहेत. भिंतींना ओल असतेच आणि चुना लावून ती आटोक्यात ठेवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू असते. कमानींना जड वाहनांचा भार सोसत नसल्याने वरच्या रस्त्यावर अवजड मालमोटारींना बंदी आहे. म्हणून उपाहारगृहांना लागणारी पिंपे आणि खोकी विजेवर चालणाऱ्या एका होडीतून येतात आणि त्या होडीवरील छोटी यारी ती धक्क्यावर उतरवते. जुन्या सोयीचे निव्वळ जतन करण्याऐवजी तिला तिचे मूळ काम परत देणे हा संवर्धनाचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे, असे ही होडी पाहताना वाटते.

वरच्या रस्त्याच्या कडेला, दिव्यांच्या खांबांखाली, धक्क्याच्या भिंतीतून पुढे आलेले दगडी आधार आहेत आणि प्रत्येकावर काही कोरलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्पकारांनी घडवलेल्या या लहानशा उठावचित्रांचे विषय बहुधा त्या त्या जागेशी जोडलेले असतात : येथे बाजार भरत असे, तेथे अमुक धंद्याची माणसे राहत, पलीकडच्या घराविषयी एक दंतकथा सांगितली जाते. ती पाहायची तर होडीतून किंवा खालच्या धक्क्यावरूनच पाहावी लागतात. घाईने वरून जाणाऱ्याला ती दिसत नाहीत.

कालव्याच्या काठी औदान नावाचे, १३व्या शतकातील, दगडी गढीसारखे घर उभे आहे. श्रीमंत घराण्यांची भांडणे गल्लीत लढली जात, तेव्हा अशी तटबंद घरे बांधली गेली. पुढे स्पेनच्या गादीवरून पेटलेले युरोपीय युद्ध संपवणाऱ्या उट्रेख्तच्या तहाच्या वाटाघाटी १७१३ मध्ये याच शहरात पूर्ण झाल्या, त्या काळात फ्रान्सच्या वकिलाचा मुक्काम या घरात होता. महाराष्ट्रीय वाचकाला डच म्हटले की वेंगुर्ल्याची वखार आठवते. ती वखार चालवणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अ‍ॅम्स्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एंखौजन या सहा शहरांतून चाले; उट्रेख्त त्यांत नव्हते. समुद्रापासून आत असलेल्या या शहराची श्रीमंती मसाल्यांच्या जहाजांपेक्षा बिशपची गादी आणि नदीवरचा व्यापार यांवर उभी होती, आणि म्हणूनच येथील गगनरेषेवर व्यापाऱ्यांच्या शिखरांऐवजी चर्चचा मनोरा राज्य करतो.

या मनोऱ्याला ‘डोम’चा मनोरा म्हणतात, डोम म्हणजे बिशपचे प्रधान चर्च. १३२१ ते १३८२ या काळात बांधलेला हा मनोरा सुमारे ११२ मीटर उंच असून देशातील चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच आहे. त्याचे बांधकाम चालू असतानाच देव्हेंटर येथील धर्मोपदेशक खेर्त ख्रोते यांनी या उंचीला गर्वाचे लक्षण ठरवून तिच्याविरुद्ध एक ग्रंथच लिहिला होता. शहराने त्यांचे ऐकले नाही. मनोरा पुरा झाला; चर्चच्या मध्यदालनाला मात्र पैसा अपुरा पडला, आणि भिंतींना बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी कधी बांधल्याच गेल्या नाहीत. १ ऑगस्ट १६७४ च्या वादळात ते मध्यदालन कोसळले. मनोरा उभा राहिला, पूर्वेकडचा गाभाराही उभा राहिला, आणि मधल्या जागेत दगडांचा ढिगारा पडला, जो १८२६ पर्यंत हललाही नाही.

आज त्या जागी डोमप्लाइन नावाचा चौक आहे. फरसबंदीत वेगळ्या रंगाच्या दगडांनी नाहीशा झालेल्या खांबांच्या जागा दाखवलेल्या आहेत, आणि त्यांना छेद देत धातूच्या पट्ट्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन छावणीची भिंत कोठून जात होती ते सांगतात. ऱ्हाइनच्या काठाने रोमन साम्राज्याची उत्तर सीमा आखलेली होती, आणि त्या सीमारेषेचा हा खालचा भाग २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. चौकाच्या पोटात उतरून हातातल्या दिव्याने रोमन, मध्ययुगीन आणि वादळानंतरचे थर पाहण्याची सोयही २०१४ पासून झालेली आहे. २००४ मध्ये परांचीच्या लोखंडी नळ्यांतून हरवलेल्या दालनाचा आकार काही काळ उभा करण्यात आला होता. दालन पुन्हा बांधावे असा आग्रह धरणारेही होते. ते बांधले गेले नाही हे योग्यच झाले. खंदक बुजवणे ही माणसांची धोरणातली चूक होती आणि ती दुरुस्त करता येण्यासारखी होती. दालनाचे पडणे ही घडून गेलेली घटना आहे, आणि विद्यार्थी, लग्नाची वऱ्हाडे, सायकली आणि पाऊस यांना सामावून घेणारा हा मोकळा चौक त्या घटनेतूनच शहराला मिळालेला आहे.

गाभाऱ्यात शिरल्यावर डाव्या-उजव्या बाजूंच्या लहान देवघरांपैकी एकात एक दगडी उठावशिल्प आहे, आणि त्याच्यासमोर प्रत्येक जण थबकतो. संत अ‍ॅना, मेरी आणि बाल येशू यांच्या या शिल्पात वस्त्रांच्या चुण्या, बोटांची ठेवण आणि रंगाचे अवशेष शाबूत आहेत. चेहरे मात्र छिन्नीने साफ उडवलेले आहेत. १६व्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारकांनी प्रतिमापूजेविरुद्ध जी मोडतोड केली तिच्यात हे घडले. पुढे ते भिंतीआड झाकले गेले आणि १९१९ मध्ये पुन्हा उजेडात आले. महाराष्ट्रात खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, तिचे पाण्यात विसर्जन करतात. येथे ज्या पंथाने चेहरे फोडले त्याच पंथाची प्रार्थना आजही त्याच छताखाली होते, आणि फोडलेले शिल्प सर्वांना दिसेल असे जागच्या जागी ठेवलेले आहे. शेजारीच, एकेकाळच्या धर्मपंडितांच्या सभागृहात, जानेवारी १५७९ मध्ये उट्रेख्तचा करार झाला, ज्याने उत्तरेकडील प्रांतांना स्पेनच्या राजाविरुद्ध एकत्र बांधले आणि श्रद्धेवरून कोणाचाही छळ होऊ नये असे कलम लिहून ठेवले. ते सभागृह आता विद्यापीठाचे आहे. १६३६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात आना मारिया फान स्खुर्मान या विदुषीला व्याख्याने ऐकण्याची मुभा मिळाली, पण पुरुष विद्यार्थ्यांना दिसू नये म्हणून तिला आडोशामागे बसावे लागले. लॅटिन, हिब्रू, अरबी अशा अनेक भाषा जाणणारी ही स्त्री त्या आडोशामागून जे शिकली त्याच्या बळावर तिने स्त्रियांच्या विद्याधिकाराची बाजू मांडणारा प्रबंध लिहिला.

जवळच्या ब्यूरकेर्क या चर्चची कथा याहून कठोर आहे. तेथे बेर्तकेन नावाच्या जोगिणीने १४५७ च्या सुमारास स्वतःला भिंतीच्या कोठडीत चिणून घेतले आणि १५१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सत्तावन्न वर्षे, ती तेथेच राहिली. खिडकीशी येणाऱ्या लोकांना ती धीर देई आणि रचना करी. त्या रचना तिच्यामागे छापल्या गेल्या. पुढे चर्चचा तो भाग पाडून रस्ता काढला गेला. चर्चच्या उरलेल्या दालनात आता आपोआप वाजणाऱ्या वाद्यांचे संग्रहालय असून, चाक फिरवून वाजणारे रंगीत बाजे तेथून सबंध गल्लीला ऐकू येतात.

दुपारच्या जेवणाची वेळ झाली की डच माणसांचा साधेपणा ताटात दिसतो. पावाचे काप, त्यांवर चीज, लहान मुलांसाठी चॉकलेटचे बारीक दाणे आणि सोबत पेलाभर ताक, एवढ्यावर भागते; गरम जेवण दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहाच्या सुमारास. ताक पाहून मराठी माणूस सुखावतो, पण त्यात मीठ, आले, हिंग यांतले काहीही नसते. कोणाच्या घरी कॉफीला गेल्यास डब्यातून एक बिस्किट पुढे केले जाते आणि डबा मिटतो. ‘आणखी घ्या’ असा आग्रह न होणे हा अनादर नसून पाहुण्याच्या भुकेचा हिशेब पाहुण्यावर सोपवण्याची ती रीत आहे; मात्र आग्रहात वाढलेल्या माणसाला ती अंगवळणी पडायला वेळ लागतो. वाढदिवसाला उत्सवमूर्तीबरोबर तिच्या आईवडिलांचे, भावंडांचे, शेजाऱ्यांचेही अभिनंदन करतात, आणि त्या तारखा विसरू नयेत म्हणून वाराविना छापलेली, वर्षानुवर्षे चालणारी दिनदर्शिका शौचालयाच्या भिंतीवर टांगतात. पोटभर आणि मसालेदार हवे असेल तर सुरीनामी खानावळी आहेत. १८७३ पासून कोलकात्याहून करारबद्ध मजूर म्हणून सुरीनामला नेलेल्या बिहार व संयुक्त प्रांतातील माणसांचे वंशज १९७५ च्या स्वातंत्र्याच्या सुमारास मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आले. त्यांच्या हातची रोटी, बटाट्याची रस्सेदार भाजी आणि चवळीच्या शेंगा आता डच विद्यार्थ्यांच्या नित्याच्या जेवणात आहेत.

दक्षिणेकडे कालवा शांत होतो. येथे जून २०१२ पासून एक कविता फरसबंदीत लिहिली जात आहे. दर शनिवारी दुपारी एक पाथरवट एका चौकोनी दगडात एक अक्षर कोरतो आणि तो दगड आधीच्या अक्षरापुढे बसवला जातो. एका शब्दाला महिना-दीड महिना लागतो, आणि पुढच्या ओळी पुढचे कवी लिहितील अशी योजना आहे. छिन्नीचा घाव, फुंकून उडवलेली पूड, मग ओल्या फडक्याने पुसल्यावर दिसणारी अक्षराची स्वच्छ कड, हे पाहायला मुले उकिडवी बसतात. ज्याने पहिले अक्षर कोरले त्याला शेवटचे दिसणार नाही, हे सर्वांना ठाऊक असूनही कामात कसलीही घाई नाही.

याच भागातल्या लांगे नीवस्त्रात आणि आग्नीतेनस्त्रात या गल्ल्यांत, पांढऱ्या चौकटींच्या बुटक्या घरांच्या रांगा आहेत. १६व्या-१७व्या शतकांत सधन नागरिकांनी गरिबांना भाड्याविना राहता यावे म्हणून त्या बांधल्या. १६५१ मध्ये मारिया फान पालास या विधवेने बांधलेल्या रांगेत प्रत्येक दारावर तिचे कुलचिन्ह आहे. त्यांच्या शेजारी रेन्सवाउदे संस्थेची भपकेदार वास्तू आहे. १७५४ मध्ये निधन पावलेल्या मारिया डाउस्त या जमीनदार स्त्रीने आपली संपत्ती अनाथालयांतल्या हुशार मुलांसाठी ठेवली, आणि त्यांना गणित, रेखांकन, जलबांधकाम अशा विद्या शिकवाव्यात अशी व्यवस्था केली. समुद्राशी झगडणाऱ्या देशात अनाथ मुलाला बांध बांधणारा अभियंता करणे याहून मोठे दान कोणते असेल! या घरांच्या खिडक्यांना पडदे बहुधा ओढलेले नसतात; दिवाणखाना, पुस्तके, वाचत बसलेली व्यक्ती सारे रस्त्यावरून दिसते, आणि जाणाऱ्याने आत टक लावून पाहू नये हा अलिखित संकेत पाळला जातो. भिंतीलगतची फरशीची एक ओळ काढून रहिवाशांनी तेथे हॉलीहॉकची उंच झाडे लावलेली असतात.

उत्तरेकडे परतताना ब्रेदस्त्रातवर शनिवारचा कापडबाजार लागतो, जो सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून भरत आला आहे; ठाणांतून मीटरवर कापड फाडून देणारे विक्रेते आणि अस्तर बोटांत चोळून पाहणाऱ्या स्त्रिया यांची घासाघीस तेथे मोकळेपणाने चालते. पलीकडे न्योदे चौकात १९२४ मध्ये पुरे झालेले टपाल कार्यालय २०२० पासून सार्वजनिक ग्रंथालय झाले आहे. पिवळ्या विटांच्या उंच कमानींखाली आता मुले गृहपाठ करतात.

औदेग्राख्तच्या उत्तर टोकाला वेर्दस्लाउस हा जुना जलपाश आहे. वसंत ऋतूत अंडी घालण्यासाठी मासे उथळ पाण्याकडे निघतात, पण त्या दिवसांत होड्यांची ये-जा कमी असल्याने दारे बंद असतात आणि मासे बाहेर अडकून पडतात. २०२१ पासून तेथे पाण्याखाली एक कॅमेरा बसवलेला असून त्याचे दृश्य जगात कोठूनही पाहता येते. मासा दिसला की पाहणाऱ्याने पडद्यावरची घंटा दाबायची. चित्र टिपले जाते आणि पुरेसे मासे जमल्याचे कळल्यावर जलपाशाचा रखवालदार दार उघडतो. पर्च, ब्रीम, पाइक, ईल असे मासे मग जुन्या शहराच्या मधून, तळघरांच्या दारांसमोरून, क्रोमे राइन नदीच्या उथळ पाण्याकडे जातात.